भिंत, उंबरठा आणि अंगण : यहुदी परंपरेतील पवित्र जागेची कहाणी

#थ्रेड

१/
इ.स. १८७१. जेरुसलेममध्ये शार्ल क्लेर्माँ-गानो या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाला जुन्या बांधकामात एक कोरीव शिळा आढळली. अक्षरे ग्रीक, ओळी सात. आशय थोडक्यात असा : परकीयाने मंदिराभोवतीचा कठडा ओलांडून आत येऊ नये; कोणी तसा सापडल्यास पुढे ओढवणाऱ्या मृत्यूला तो स्वतःच जबाबदार राहील. ही शिळा आज इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

२/
पुढे १९१३-१४ मध्ये त्याच शहरात, मंदिराच्या दक्षिणेकडील उतारावर उत्खनन चालू असताना आणखी एक ग्रीक शिळा मिळाली. थिओडोटोस नावाच्या याजकाने ती कोरवली होती. त्याचे वडील आणि आजोबाही सिनेगॉगचे प्रमुख होते. धर्मशास्त्राचे वाचन व्हावे, आज्ञांचे शिक्षण मिळावे आणि परदेशाहून येणाऱ्या गरजू प्रवाशांना खोल्या व पाणी मिळावे म्हणून आपण ही वास्तू उभारली, असे तो नोंदवतो.

३/
बहुतेक अभ्यासकांच्या मते दोन्ही शिळा इ.स. ७० पूर्वीच्या आहेत. म्हणजे एकच शहर, एकच समाज आणि जवळपास एकच काळ. एक शिळा परक्याला अडवते. दुसरी दूरच्या पांथस्थाला आसरा देते. जागा पवित्र आहे म्हणजे ती इतरांपासून राखायची, की इतरांसाठी उघडी ठेवायची? यहुदी परंपरा या प्रश्नाशी दोन हजार वर्षे झुंजत आली आहे. हा धागा त्या झुंजीचा.

४/
आधी मंदिर पाहू. जेरुसलेमच्या मंदिराची रचना एकात एक बसवलेल्या वर्तुळांसारखी होती. बाहेरच्या विस्तीर्ण प्रांगणात कोणालाही प्रवेश होता. कठड्याच्या आत केवळ यहुदी. त्यापुढे स्त्रियांचे प्रांगण, मग पुरुषांचे, मग याजकांचे. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या सुमारास संकलित झालेल्या 'मिश्ना' या ग्रंथात पावित्र्याच्या अशा दहा पायऱ्या मोजल्या आहेत. पायरी जितकी वरची, तितकी प्रवेश मिळणारी माणसे कमी.

५/
सर्वांत आत 'परमपवित्रस्थान'. तेथे वर्षातून एका दिवशी, योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, फक्त प्रमुख याजक जाऊ शकत असे. इ.स.पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपी बळाने त्या दालनात शिरला. आत देवाची मूर्ती असणार, अशी रोमनांची समजूत असावी. टॅसिटस हा रोमन इतिहासकार सांगतो की गाभारा रिकामा होता. रोमनांना ते कोडे वाटले. यहुद्यांच्या दृष्टीने मात्र त्या रिकाम्या जागेहून पवित्र असे पृथ्वीवर दुसरे काही नव्हते.

६/
इ.स. ७० मध्ये टायटसच्या सैन्याने मंदिर जाळले. रोममधील टायटसच्या कमानीवर मंदिरातील सात शाखांची दीपमाळ लुटून नेणारे सैनिक आजही कोरलेले दिसतात. यज्ञ थांबले, याजकांचे काम संपले, पावित्र्याच्या दहा पायऱ्यांपैकी वरच्या पायऱ्या राखेत मिळाल्या. ज्या समाजाचा सारा धर्म एका टेकडीवर एकवटला होता, त्याने आता पवित्र जागा कोठे शोधावी?

७/
उत्तराचा धागा यहेज्केल संदेष्ट्याकडे मिळाला. बाबिलोनच्या बंदिवासात असलेल्या लोकांसाठी देव स्वतःच एक लहानसे पवित्रस्थान झाला, असा उल्लेख त्याच्या ग्रंथात येतो. तालमूदच्या पंडितांनी त्याचा अर्थ लावला : हे लहान पवित्रस्थान म्हणजे सिनेगॉग आणि अध्ययनगृह. त्याच पंडितांनी आणखी एक धीट पाऊल टाकले. मंदिर उभे असताना वेदी पाप धुऊन काढत असे. आता घरातले जेवणाचे मेज ते काम करते, असे ते म्हणाले. टीकाकारांनी त्याचा खुलासा केला : कारण त्या मेजावर गरिबाला जेवू घातले जाते.

८/
सिनेगॉग मंदिरासारखा एकमेव नव्हता. तो कोठेही बांधता येई. तरी त्याचे पावित्र्य वाऱ्यावर सोडलेले नव्हते. मिश्नाचा नियम असा की सिनेगॉग विकला तर आलेल्या पैशातून त्याहून अधिक पवित्र वस्तूच घ्यावी : तोरा ठेवण्याची पेटी, तिची वस्त्रे, ग्रंथ आणि शेवटी खुद्द तोराची गुंडाळी. पावित्र्याच्या जिन्यावर चढता येते, उतरता येत नाही.

९/
आणि सिनेगॉग मोडकळीस आला तर? तरीही त्यातून जवळची वाट म्हणून ये-जा करू नये. तेथे धान्य किंवा जाळी वाळत घालू नयेत. आत गवत उगवले तर उपटू नये. ते पाहून लोकांच्या काळजाला चटका बसावा, हा त्यामागचा हेतू. ओसाड जागेलाही मान द्यावा आणि तिचे ओसाडपण डोळ्यांआड करू नये, असा हा विलक्षण नियम आहे. या धाग्याच्या शेवटी तो पुन्हा आठवेल.

१०/
सिनेगॉग किती सहज घरातून जन्म घेई, याचा पुरावा सीरियातील ड्युरा-युरोपोस येथे मिळतो. १९३२ मध्ये सापडलेला तेथील सिनेगॉग मुळात एक राहते घर होते. इ.स. २४४-४५ च्या सुमारास त्याच्या भिंती बायबलमधील प्रसंगांच्या चित्रांनी भरून गेल्या. पुढे सासानी आक्रमणाविरुद्ध तटबंदी भक्कम करण्यासाठी तो मातीने बुजवण्यात आला, आणि त्या मातीनेच चित्रे राखली. आज ती दमास्कसच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.

११/
घराकडे वळू. तोराच्या 'अनुवाद' या पुस्तकात आज्ञा आहे की देवाची वचने घराच्या दारबाह्यांवर लिहावीत. त्यातून 'मेझुझा' आला. चर्मपत्रावर हाताने लिहिलेले दोन उतारे, बावीस ओळींत. त्याची गुंडाळी करून ती आत शिरताना उजव्या हाताला येणाऱ्या चौकटीच्या बाहीवर लावायची. मृत समुद्राकाठच्या कुमरान गुहांतही प्राचीन मेझुझा सापडले आहेत. मंदिराला दहा पायऱ्या होत्या. घराला एक उंबरठा पुरला.

१२/
मेझुझाबाबत दोन वाद रंजक आहेत. पहिला ताइताचा. काही लोक त्यात देवदूतांची नावे लिहू लागले. बाराव्या शतकातील तत्त्वज्ञ मैमोनिडीस याने त्यांना कठोर शब्दांत फटकारले : देवाचे एकत्व आणि त्याच्यावरील प्रेम यांची आठवण देणाऱ्या आज्ञेला त्यांनी आपल्या फायद्याचा गंडा करून टाकले, असे त्याचे म्हणणे. मैमोनिडीसच्या मते उंबरठ्यावरचा मेझुझा येता-जाता माणसाला जागे करण्यासाठी होता.

१३/
दुसरा वाद दिशेचा. फ्रान्समधील थोर भाष्यकार राशी यांच्या मते मेझुझा उभा लावावा. त्यांचे नातू रब्बेनू ताम यांच्या मते आडवा. मग? अश्केनाझी यहुद्यांनी तो तिरका लावला. क्राकूवचे रब्बी मोझेस इस्सर्लेस यांनी सोळाव्या शतकात ही रीत नोंदवली. सेफार्दी घरांत तो उभाच राहिला. आजोबा-नातवाच्या मतभेदातून काढलेली ती वाट आजही असंख्य दारांवर तिरकी दिसते.

१४/
पण घराचे पावित्र्य केवळ दारावरच्या चर्मपत्रात नव्हते. ते कायद्यातही उतरले होते. 'अनुवाद' मधील एक नियम पाहा. कर्जदाराकडून गहाण वस्तू घ्यायची असेल तर सावकाराने त्याच्या घरात शिरू नये. बाहेर उभे राहावे. वस्तू कर्जदार स्वतः आणून देईल. मिश्नाने हा नियम आणखी कडक केला : वसुली न्यायालयामार्फतच व्हावी. सावकाराकडे पैसा आहे, हक्कही आहे. तरी त्या हक्काला उंबरठ्याशी थांबावे लागते. गरिबाचे घरही शेवटी त्याचेच घर.

१५/
आता अंगण. त्या काळी बरीच घरे एका सामाईक अंगणाभोवती असत. चूल, धुणे, मुले, जनावरे, सारे त्याच अंगणात. मिश्नाच्या 'बाबा बाथ्रा' या प्रकरणाची सुरुवातच अशा दोन भागीदारांपासून होते. दोघांनी अंगण वाटून घ्यायचे ठरवले तर मधोमध भिंत बांधावी. दगड-विटा स्थानिक रिवाजाप्रमाणे, खर्च आणि जागा दोघांची. भिंतीची उंची पुढे ठरते : चार हात.

१६/
चार हातच का? कारण भिंत चोरासाठी नव्हती. ती नजरेसाठी होती. तालमूदने येथे एक विचार मांडला : 'हेझेक रेईया', म्हणजे पाहण्याने होणारे नुकसान. शेजाऱ्याने तुमच्या वस्तूला हात लावला नाही, काही मोडले नाही. केवळ तो पाहत राहिला, तरी तुमची हानी झाली. तुम्ही आपल्या अंगणात मोकळेपणाने वावरू शकत नाही, हीच ती हानी. तालमूदमध्ये यावर दोन्ही बाजूंनी बराच खल झाला. पुढच्या धर्मशास्त्राने ते खरे नुकसान मानले.

१७/
म्हणून आणखी एक नियम : सामाईक अंगणाकडे नव्या खिडक्या काढू नयेत, शेजाऱ्याच्या दारासमोर दार आणि खिडकीसमोर खिडकी ठेवू नये. तालमूद याचा आधार 'गणना' या पुस्तकातील बलामच्या कथेत शोधतो. इस्राएलांना शाप द्यायला आलेल्या बलामने डोंगरावरून त्यांच्या छावणीकडे पाहिले आणि त्याच्या तोंडून आशीर्वाद निघाला. त्याने असे काय पाहिले? एकाही तंबूचे दार दुसऱ्याच्या दारासमोर नव्हते. त्या पंडितांना ईश्वराच्या सान्निध्याची खूण तंबूंच्या दारांत दिसली.

१८/
भिंतीवरून जशी नजर जाते, तशी ती पत्रातही शिरते. जर्मनीतील माइन्त्सचे रब्बेनू गेरशोम हे दहाव्या-अकराव्या शतकातले आचार्य. एकाहून अधिक बायका करण्यास मनाई करणारा फतवा त्यांच्या नावे प्रसिद्ध आहे. त्यांच्याच नावे आणखी एक बंदी सांगितली जाते : दुसऱ्याचे पत्र त्याच्या परवानगीशिवाय वाचू नये. मोडणाऱ्यावर बहिष्कार. यहुदी व्यापारी पुढे कित्येक शतके पत्रांवर काही हिब्रू आद्याक्षरे लिहीत. ती याच बंदीची आठवण देत. कुलूप नसलेल्या कागदाला चार अक्षरांचा पहारा.

१९/
येथवर सारे भिंतीच्या बाजूचे. पण त्याच 'बाबा बाथ्रा' वरील तालमूदच्या चर्चेत एक कथा येते आणि हा सारा युक्तिवाद उलटा फिरतो. मिश्ना म्हणते, अंगणातील रहिवाशांनी मिळून देवडी आणि दार बांधावे. कोणी नाही म्हणाला तर त्याला भाग पाडता येते. त्यावर तालमूद विचारतो : देवडी ही चांगली गोष्ट आहे का?

२०/
कथा अशी : एक सत्पुरुष होता. एलीया संदेष्टा त्याच्याशी नित्य बोलायला येई. त्या माणसाने आपल्या अंगणाला देवडी बांधली. एलीयाने येणे बंद केले. कारण? देवडी झाल्यावर दाराशी आलेल्या गरिबाची हाक आत पोहोचेनाशी झाली होती. पुढे पंडित तोडगा काढतात : देवडी आत असावी, दार उघडता यावे, हाक ऐकू यावी. भिंत हवी, पण ती नजर अडवणारी हवी, हाक अडवणारी नको. या परंपरेच्या शहाणपणाचा गाभा त्या एका फरकात आहे.

२१/
आता शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस. मिश्नाने त्या दिवशी वर्ज्य अशी ३९ कामे मोजली. त्यांतील शेवटचे, एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात वस्तू नेणे. घरात वस्तू हलवता येते. घरातून रस्त्यावर नेता येत नाही. सामाईक अंगण मग कोणाचे? ते सर्वांचे, म्हणून पंडितांनी तेथेही बंधन घातले. चालता न येणारे मूल कडेवर घेऊन आई बाहेर कशी पडणार? शेजारणीकडे पातेले कसे नेणार?

२२/
यावरचा उपाय 'एरूव', शब्दशः मिसळण. अंगणातील प्रत्येक घराने भाकरीचा वाटा द्यायचा आणि तो एका घरात ठेवायचा. अन्न एक झाले, म्हणून सारे घर एक. आता अंगणात वस्तू नेता येतात. यातला एक बारीक नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे : भाकरी लहान असली तरी चालेल, पण अखंड हवी. मोठ्या भाकरीचा तुकडा चालणार नाही. तालमूद कारण देतो : भांडण. मी अख्खी दिली, तू तुकडा दिलास, असे कोणी म्हणू नये.

२३/
जेरुसलेम तालमूदमध्ये एरूवची एक छोटी कथा आहे. दोन शेजारणींचे भांडण झाले होते. त्यांतल्या एकीने एरूवची भाकरी आपल्या मुलाच्या हाती दुसरीकडे पाठवली. दुसरीने मुलाला जवळ घेतले, त्याचे मुके घेतले. मुलाने घरी येऊन ते सांगितले. आई म्हणाली, तिचे माझ्यावर इतके प्रेम आहे आणि मला ठाऊकच नव्हते! दोघींत सलोखा झाला. अंगणाचा एरूव शांतीसाठी आहे, असे पंडित म्हणतात ते याच संदर्भात.

२४/
मात्र एखादा शेजारी एरूव मानतच नसेल तर? रब्बान गमलिएल आठवण सांगतात : जेरुसलेममध्ये त्यांच्या गल्लीत एक सदूकी राहत असे, आणि त्याला ही योजना मान्य नव्हती. वडील मुलांना घाई करत, की त्याने आपल्या वस्तू बाहेर काढून तुमचा मार्ग अडवण्यापूर्वी तुम्ही आपल्या वस्तू गल्लीत काढा. परधर्मीय शेजारी असेल तर त्याच्याकडून अंगणातील हक्क भाड्याने घ्यावा लागे. परधर्मीयांच्या शेजारी राहणे लोकांनी टाळावे, हा त्या नियमामागचा मूळ हेतू होता. काळाने मात्र तो उलटवला : नाममात्र रकमेचा तो करार शेजाऱ्याशी बोलण्याचे निमित्त ठरला. आज अनेक नगरांत हा करार नगरप्रशासनाशी होतो.

२५/
शहरे वाढली तशी एरूवची सीमाही. दोन खांब आणि वर आडवी तार असली की धर्मशास्त्राच्या दृष्टीने ती 'दाराची चौकट' होते. अशा चौकटींची रांग म्हणजे भिंत. अमेरिकेतील सेंट लुइसमध्ये १८९४ मध्ये तारायंत्राच्या खांबांचा असा उपयोग झाला. बघणाऱ्याला तार दिसते. श्रद्धावंताला शेकडो दारे असलेले एक घर दिसते.

२६/
भिंत कोण उभारतो, याने तिचा अर्थ बदलतो. २९ मार्च १५१६ रोजी व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने शहरातील यहुद्यांना एका बेटावर राहण्यास भाग पाडले. रात्री दरवाजे बंद. पहारेकरी ख्रिस्ती, त्यांचा पगार यहुद्यांच्या माथी. जगाला 'घेट्टो' हा शब्द याच बेटाने दिला. १७९७ मध्ये फ्रेंच फौजा आल्यावर ते दरवाजे उखडून जाळण्यात आले. एरूव आणि घेट्टो, दोन्ही यहुदी वस्तीभोवतीच्या सीमा. एकीत प्रत्येक घर भाकरी देते. दुसरीत किल्ली परक्याच्या हाती असते.

२७/
हा इतिहास आजही शांत झालेला नाही. अमेरिकेतील टेनाफ्लाय या गावात खांबांवर एरूवच्या पट्ट्या लागल्या. २००० मध्ये नगर परिषदेने त्या काढायचे ठरवले. २००२ मध्ये अपील न्यायालयाने एरूवच्या बाजूने कौल दिला : त्याच खांबांवर घरांचे क्रमांक, चर्चचे दिशाफलक, हरवलेल्या प्राण्यांच्या सूचना चालत असतील, तर केवळ या पट्ट्याच नकोत असे म्हणता येणार नाही. लंडनच्या वायव्य भागातील एरूवही दीर्घ वादानंतर २००३ मध्येच सुरू झाला. त्याला विरोध करणाऱ्यांत यहुदीही होते. सामाईक रस्त्यावर एका समाजाची खूण असावी का, हा त्यांचा प्रश्न गैरवाजवी नव्हता.

२८/
भिंतीच्या आतही वाद आहेत. जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीपाशी स्त्री-पुरुषांचे भाग वेगळे आहेत. १९८८ पासून काही स्त्रिया तेथे मोठ्याने, तोरासह प्रार्थना करण्याचा हक्क मागत आहेत. २०१६ मध्ये इस्रायली सरकारने एकत्र प्रार्थनेसाठी स्वतंत्र भागाची योजना मंजूर केली. २०१७ मध्ये ती गोठवली. मंदिराच्या प्रांगणांतील पायऱ्या दोन हजार वर्षांनीही पूर्णपणे पुसल्या गेलेल्या नाहीत.

२९/
आता कोकण. बेने इस्राएल समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज नौका फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. तेलाच्या घाण्यावर पोट भरणारा हा समाज शनिवारी घाणा थांबवी, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. कित्येक पिढ्या त्यांच्याकडे सिनेगॉग नव्हता. जे होते ते घरात : शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि 'शमा'ची प्रार्थना. बाबिलोनमधल्या त्या लहान पवित्रस्थानाची कल्पना कोकणातल्या घरांनी जगून दाखवली.

३०/
१७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर, अर्थात सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांनी मुंबईत बेने इस्राएलांचा पहिला सिनेगॉग उभारला. नाव 'शार हाराहमीम', अर्थात दयेचे द्वार. समाजात तो 'जुनी मशीद' म्हणून ओळखला गेला. सिनेगॉगला 'मशीद' म्हणणे त्यांच्या बोलीत रुळलेलेच होते. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ मध्ये पूर्ण झालेला 'ओहेल डेव्हिड' सिनेगॉग पुणेकरांच्या तोंडी 'लाल देऊळ' झाला. शेजाऱ्यांच्या पवित्र जागेला आपल्या ओळखीचे नाव देणे, हीसुद्धा एक प्रकारची मिसळणच.

३१/
आणि एलीया? देवडी बांधली म्हणून रुसलेला तो संदेष्टा कोकणात 'एलियाहू हनाबी' झाला. अलिबागजवळच्या खंडाळे येथील खडकावरील खुणा त्याच्या रथाच्या व घोड्यांच्या आहेत, अशी बेने इस्राएलांची श्रद्धा आहे. लग्न, नवस, नव्या घरातील प्रवेश अशा प्रसंगी पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे यांचा 'मलिदा' करून त्याचे स्मरण होते. मलिदा उरकला की जमलेल्या प्रत्येकाला वाटा मिळतो. मेज हीच वेदी, हे तालमूदचे म्हणणे येथे पोह्यांच्या ताटात उतरले.

३२/
१९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्रायलला गेला. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा कोकणातील अनेक सिनेगॉगांभोवतीची यहुदी घरे मोजकीच उरली होती. अलिबागची 'इस्राएल आळी' मात्र नावाने आजही आळीच आहे. जेथे दहा प्रौढ पुरुषांचा कोरम भरत नाही, तेथे पारंपरिक सामूहिक प्रार्थना होऊ शकत नाही. वास्तू उभी, दिवा टांगलेला, माणसे नाहीत. मिश्नाचा तो नियम येथे आठवतो : ओसाड पवित्र जागेतले गवत उपटू नका; पाहणाऱ्याला ते दिसू द्या.

३३/
इतिहासप्रेमींनी कोकणात फिरताना अशा एखाद्या जुन्या घराच्या चौकटीकडे क्षणभर पाहावे. उजव्या बाहीवर एखादी लहानशी नळी असेल, किंवा ती काढून नेल्यावर उरलेली खिळ्यांची भोके. पासोव्हरच्या रात्री अनेक यहुदी घरांत एलीयासाठी पेला भरून ठेवतात आणि दार उघडतात. देवडीमुळे गरिबाची हाक ऐकू येत नाही म्हणून जो निघून गेला, त्याच्यासाठी वर्षातून एकदा तरी दार सताड उघडे असते.